रॅम लावली आणि पीसी मुका झाला: स्टॅटिकचा प्रताप की माझा?

तिसरा_मजला | ११ जानेवारी, रात्री १०.१५

मंडळी, मदत हवी आहे. सविस्तर लिहितो, कारण "नक्की काय केलंस ते सांग" हा पहिला प्रतिसाद येणारच.

घरचा डेस्कटॉप, साडेचार वर्षांचा. ८ जीबी रॅमवर मुलीचं कॉलेजचं ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर रखडत चालायचं, म्हणून काल तपकीर गल्लीतून त्याच स्पीडची आणखी एक ८ जीबीची स्टिक आणली. दुकानदाराने ती ड्रॉवरमधून काढली, पेपरच्या कपट्यात गुंडाळली आणि हातात ठेवली. मी ती खिशात टाकली. स्वेटरच्या. (हसा.)

आज सकाळी साडेसातला हॉलमध्ये प्लॅस्टिकच्या चटईवर बसून कॅबिनेट उघडलं. ते आडवं ठेवायला खाली मिक्सरच्या खोक्यातला थर्माकोल. बोर्डावरचं बटण बंद होतं, पिन काढली नव्हती. स्टिक स्लॉटपाशी नेली तेव्हा बोटाच्या टोकाला 'टच्' झालं, सुई टोचल्यासारखं. थंडीचं काहीतरी म्हणून सोडून दिलं. स्टिक बसवून मशीन सुरू केलं, तर पंखे फिरतायत, दिवा लागतोय आणि मॉनिटरवर मिट्ट काळोख.

आणखी एक. या कॅबिनेटच्या मागच्या पत्र्याला हात लागला की मुंग्या येतात. आजच नाही, घेतल्यापासून. घर सदाशिव पेठेत, १९८३ची इमारत, वायरिंग बहुतेक तेव्हाचंच.

तर स्टॅटिकने (घासून अंगावर साठते ती वीज) मदरबोर्ड गेला का? आणि जाऊ नये म्हणून मी काय करायला हवं होतं? ते मनगटाला बांधायचे पट्टे आपल्याकडे कोणी खरंच वापरतं का?

वीस_वर्षं_झाली | ११ जानेवारी, रात्री १०.४०

स्टॅटिकबिटिक काही नसतं हो. वीस वर्षं लोकांचे पीसी उघडतोय, पट्टा कधी बघितलासुद्धा नाही. रॅम काढा, सोनेरी दात खोडरबरने घासा, परत लावा, कट्कन आवाज येईपर्यंत दाबा. नो डिस्प्ले म्हणजे दहातल्या नऊ वेळा रॅम नीट बसलेली नसते.

सोल्डरगन | ११ जानेवारी, रात्री ११.०५

नीट बसवून बघा याला +१. खोडरबराला मात्र माझा कडकडीत विरोध. वारज्यात रिपेअरिंगचं दुकान आहे माझं, आठवड्याला एक तरी घासलेली स्टिक येते. त्या दातांवरचा सोन्याचा मुलामा एका मायक्रॉनहूनही पातळ असतो. खडबडीत रबराने घासून घासून तो उडतो, खालचं निकेल उघडं पडतं आणि मग दर सहा महिन्यांनी घासत बसावं लागतं. लोक म्हणतात, "ताई, घासलं की चालू होतं." होतं ना, पण घासल्यामुळेच परत बंद पडतं.

आणि धाग्याच्या विषयाचं म्हणाल तर रबर प्लॅस्टिकवर घासणं हा स्टॅटिक तयार करायचा शाळेतला प्रयोग आहे. आपण तो थेट मेमरी चिपच्या शेजारी करतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलची बाटली मिळते, सुती कपड्याच्या टोकाला दोन थेंब घेऊन पुसा, वाळू द्या, संपलं.

दादा, एक करा. दोन्ही स्टिक काढा. जुनी एकटी लावून बघा, मग नवी एकटी, दोन्ही स्लॉटमध्ये आलटून पालटून. आणि प्रत्येक वेळी आधी पिन भिंतीतून काढा.

तिसरा_मजला | १२ जानेवारी, सकाळी ७.५०

केलं. जुनी कुठल्याही स्लॉटमध्ये चालते. नवी कुठेच चालत नाही. अल्कोहोलने पुसूनही नाही. म्हणजे मदरबोर्ड वाचला, नवी स्टिक गेली. आता ती माझ्या हातून गेली की गेलेलीच आणली?

भोसरीकर | १२ जानेवारी, सकाळी ९.३०

हे कळायला मार्ग नाही, आणि स्टॅटिकचा खरा ताप हाच आहे. चिप जळाली की वास येतो, डाग पडतो. स्टॅटिकने गेलेली चिप बाहेरून नवीकोरी दिसते.

मी भोसरी एमआयडीसीत सर्किट बोर्ड भरण्याच्या कारखान्यात २६ वर्षं काढली, आता निवृत्त. आमच्याकडे दारातच एक टेस्टर असायचा. सकाळी आत जाताना मनगटाला पट्टा, टाचेला पट्टी, मग टेस्टरवर पाय ठेवून बटण दाबायचं. हिरवा दिवा लागला तर आत. लाल लागला तर साहेब असला तरी बाहेर. सुरुवातीला आम्हीही हसायचो.

आता 'टच्'चं बोलू. माणसाला ठिणगी जाणवते तीच मुळात साधारण ३,००० व्होल्टच्या पुढे. म्हणजे तुम्हाला टोचलं तेव्हा अंगावर निदान तेवढं होतं. आणि आमच्या लाइनवर एएनएसआय/ईएसडी एस२०.२० हे मानक लावलेलं होतं, ते १०० व्होल्टला मरणाऱ्या भागांनाही सांभाळायचं धरून चालतं. या दोन आकड्यांच्या मधल्या जागेत काय काय होतं ते आपल्याला कळतच नाही. ५०० व्होल्टची ठिणगी पडते, बोटाला पत्ता नसतो, चिपला असतो.

३,००० व्होल्टने माणूस कसा मरत नाही? कारण साठा नगण्य. टेस्टिंगसाठी माणूस म्हणजे १०० पिकोफॅरडचा कपॅसिटर आणि १,५०० ओहमचा रेझिस्टर असं धरतात. गणित करून बघा, ३,००० व्होल्टला अर्धा मिलिज्यूलसुद्धा भरत नाही. तो साठा मायक्रोसेकंदाच्या आत रिकामा होतो. माणसाला ती चिमटी. पण चिपमधल्या ट्रान्झिस्टरच्या गेटखालचा ऑक्साइडचा थर काही नॅनोमीटरचा असतो आणि असा थर एका नॅनोमीटरला साधारण एक व्होल्ट एवढाच ताण सोसतो. तिथे भोक पडायला किती लागतं?

म्हणून प्रत्येक चिपच्या पायाशी आत संरक्षणाचे डायोड घातलेले असतात. ते बराचसा मार स्वतःवर घेतात. वीस_वर्षं_झाली यांची वीस वर्षं त्यांच्याच जिवावर गेली आहेत. कधीकधी मात्र चिप मरत नाही, अर्धमेली होते. आज चालते, चार महिन्यांनी उन्हाळ्यात हँग व्हायला लागते, आणि तोवर आपण त्या सकाळचा 'टच्' विसरलेलो असतो.

आता तुमची ती सकाळ. जानेवारी, कोरडी हवा, स्वेटर, प्लॅस्टिकची चटई, खाली थर्माकोल. स्टॅटिकसाठी पाट-रांगोळी मांडली होती म्हणा ना.

वीस_वर्षं_झाली | १२ जानेवारी, सकाळी १०.१०

काका, आदर आहे, पण मग इतक्या वर्षांत माझ्या हातून एकही का गेली नाही?

भोसरीकर | १२ जानेवारी, सकाळी १०.४५

एक प्रश्न विचारतो. काम करताना पायात काय असतं?

वीस_वर्षं_झाली | १२ जानेवारी, सकाळी १०.५०

काही नाही. लोकांच्या घरात चपला बाहेर काढूनच जातो.

भोसरीकर | १२ जानेवारी, सकाळी ११.१५

आणि जुन्या घरात खाली शहाबादी, नाहीतर सिमेंटच्या टाइल्स. अनवाणी माणूस अशा फरशीवर उभा असला की अंगावरचा चार्ज हळूहळू पायातून उतरत राहतो. शहाबादी तांब्यासारखी वाहक नाही, पण स्टॅटिकला तेवढी पुरते. तुम्ही वीस वर्षं टाचेची पट्टी लावूनच काम करताय, फक्त ती फुकटची आहे. शिवाय कॅबिनेट उघडताना आधी पत्रा हातात धरता, तिथेच निम्मं काम होतं.

तिसरा_मजला यांनी फरशी आणि स्वतः यांच्यामध्ये प्लॅस्टिक अंथरलं.

हिंजवडी_व्हाया_बाणेर | १२ जानेवारी, दुपारी १.२०

हे वाचून डोक्यात ट्यूब पेटली. आमच्या नव्या फ्लॅटमध्ये लाकडी दिसणारं लॅमिनेटचं फ्लोअरिंग आहे. डिसेंबर ते मे दाराच्या मुठीलासुद्धा चटका बसतो. आधीच्या नारायण पेठेतल्या घरात हे कधी व्हायचं नाही.

अजून एक गंमत. मी खुर्चीवरून उठलो की माझा दुसरा मॉनिटर क्षणभर काळा होतो. हात कुठेही लागत नाही. मी केबल तीनदा बदलली!

सोल्डरगन | १२ जानेवारी, दुपारी १.४५

केबल नका बदलू, खुर्ची बदला. उठताना कपडे आणि गादी एकमेकांपासून सुटतात, चार्ज दोघांवर वाटला जातो, खुर्चीच्या आतल्या लोखंडात छोटी ठिणगी पडते. तिच्या लहरी डिस्प्लेची केबल अँटेनासारख्या पकडते. सिंथेटिक कापडाच्या गॅसलिफ्ट खुर्च्यांचा हा नेहमीचा आजार आहे. खुर्चीवर सुती चादर टाकून फरक पडतो का बघा.

पुणे_३० | १२ जानेवारी, दुपारी २.३०

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे).

पुणे_३० | १२ जानेवारी, दुपारी २.३५

वरचा चुकून दोनदा पडला होता. अवांतर: एप्रिलमध्ये गाडीतून उतरताना दाराला हात लावला की झटका बसतो, तोही हाच प्रकार का?

भोसरीकर | १२ जानेवारी, दुपारी ३.००

हाच. सीटवरून सरकताना कपडे घासतात. उतरायच्या आधीच दाराच्या चौकटीचा उघडा पत्रा धरा आणि तो धरूनच पाय खाली ठेवा, झटका बसणार नाही. पुण्यात एप्रिल-मेच्या दुपारी हवा जानेवारीइतकीच, कधी जास्तच कोरडी असते, म्हणून हा थंडीचा रोग नव्हे, कोरडेपणाचा. ट्रेनिंगच्या तक्त्यात एक ओळ होती ती आजही पाठ आहे. गालिच्यावरून चालत गेलं तर १० ते २० टक्के आर्द्रतेत ३५,००० व्होल्टपर्यंत, आणि ६५ ते ९० टक्क्यांत १,५०० पर्यंत. माणूस तोच, गालिचा तोच. जुलैत शोधूनही सापडायचं नाही, सगळीकडे दमटपणाचा पातळ थर असतो, चार्ज त्यावरून निसटून जातो.

तिसरा_मजला | १२ जानेवारी, रात्री ९.०५

भोसरीकर काका, दंडवत. पण मग कॅबिनेटला मुंग्या येतात ते काय? तेही स्टॅटिकच ना?

अर्थिंग_आधी | १२ जानेवारी, रात्री ९.३०

नाही! दुपारपासून वाट बघत होतो की हे कोणीतरी विचारेल.

स्टॅटिक एकदा टोचतं आणि संपतं. मुंग्या येतच राहतात, हात ठेवाल तोवर. ती वाहती वीज आहे. एसएमपीएसच्या (पीसीला वीज पुरवणारा डबा) तोंडाशी विजेतला गोंगाट गाळायला फिल्टर असतो. त्यात एक छोटा कपॅसिटर फेजपासून पत्र्याला आणि एक न्यूट्रलपासून पत्र्याला जोडलेला असतो. पत्रा अर्थला जोडलेला असेल तर तिथून येणारी किंचित गळती जमिनीत जाते, तुम्हाला पत्ताही लागत नाही. अर्थ नसेल तर पत्रा दोघांच्या मध्ये लोंबकळतो. २३०च्या निम्मे, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास. करंट अगदी थोडा, म्हणून झटका न बसता मुंग्या येतात.

म्हणजे दादा, तुमच्या घरी अर्थिंग नाही. एक तर तीन पिनचा प्लग दोन पिनच्या एक्स्टेंशनमध्ये घुसवलाय, किंवा भिंतीतलं वरचं मोठं भोक फक्त शोभेचं आहे. पेठांतल्या जुन्या इमारतींत दुसरं फार.

आणि हे स्टॅटिकपेक्षा वाईट आहे, हार्डवेअरला आणि माणसालाही. असा लोंबकळता पीसी चालू असताना एचडीएमआयने टीव्हीला जोडला आणि टीव्हीच्या मागे केबलवाल्याची वायर दुसरीकडे अर्थ झालेली असली, की केबल खुपसताना सगळा फरक त्या पोर्टमधून जातो. "पोर्ट आपोआप उडालं" या तक्रारीत हे बरेचदा असतं. आणि एसएमपीएसमध्ये कधी फेज थेट पत्र्याला चिकटली, तर मुंग्यांवर भागणार नाही.

घरात फ्रीज, वॉशिंग मशीन, गीझर यांनाही मुंग्या येतात का बघा.

तिसरा_मजला | १२ जानेवारी, रात्री ९.४५

मला तरी कधी जाणवलं नाही. स्वयंपाकघर आईचं, उद्या विचारतो.

अर्थ आहे की नाही हे तपासायचं कसं?

अर्थिंग_आधी | १२ जानेवारी, रात्री १०.१०

मल्टिमीटर हाताळायची सवय असेल तरच, नाहीतर वायरमनला बोलवा. फेज ते न्यूट्रल २३०च्या आसपास येईल. फेज ते अर्थ जवळजवळ तेवढंच यायला हवं. न्यूट्रल ते अर्थ दोन-चार व्होल्ट. फेज-अर्थ भलतंच कमी, हलतं-डुलतं काहीतरी दाखवत असेल तर अर्थ तुटलेला आहे. घरात मोठा लोड चालू असतानाही न्यूट्रल-अर्थ अगदी शून्य आलं, तर आणखी सावध.

कारण एक आचरट शॉर्टकट चालतो. "साहेब, अर्थिंग करून देतो" म्हणत काही जण सॉकेटमध्येच न्यूट्रलवरून अर्थच्या पिनला तुकडा जोडतात. मुंग्या जातात, तुम्ही खूश. ज्या दिवशी मागे कुठेतरी न्यूट्रल तुटेल, त्या दिवशी फ्रीजचा पत्रा थेट २३०वर असेल. कोणी असं करायला लागला तर त्याला चहा द्या आणि निरोप द्या. पाण्याच्या नळाला वायर बांधणंही नको. पाइप प्लॅस्टिकचे झालेत, आणि नसले तरी वरच्या मजल्यावर कोणीतरी आंघोळ करत असतं.

निमूट_वाचक | १३ जानेवारी, सकाळी ८.२०

एक शंका. काम करताना पिन भिंतीत ठेवून बटण बंद करायचं, म्हणजे अर्थ मिळतो, असं कुठे कुठे लिहितात. सोल्डरगन ताई पिन काढा म्हणतात. खरं काय?

सोल्डरगन | १३ जानेवारी, सकाळी ९.००

पुस्तकात पहिलं बरोबर आहे. बटण फक्त फेज तोडतं, अर्थ जोडलेला राहतो. पण त्यासाठी दोन गोष्टी गृहीत धराव्या लागतात: अर्थ आहे, आणि बटण खरंच फेजवरच आहे. जुन्या बोर्डांत फेज-न्यूट्रल उलटे जोडलेले मी स्वतः बघितलेत. तेव्हा बटण बंद करूनही आत फेज उभी! म्हणून मी गिऱ्हाइकाला एकच सांगते, पिन काढा.

भोसरीकर | १३ जानेवारी, सकाळी ९.४०

सहमत. आणि लोकांचा एक गैरसमज आहे की स्टॅटिक टाळायला जमीनच लागते. गच्चीवरच्या दोन टाक्या समजा. पाणी एका पातळीला असेल तर मध्ये नळी टाकली तरी काही वाहत नाही, मग टाक्या पहिल्या मजल्यावर असोत की दहाव्या. तुम्ही, कॅबिनेट आणि हातातली रॅम एका पातळीवर असलात की ठिणगी पडत नाही.

म्हणून घरी मी असं करतो. पिन काढतो, पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून आतलं उरलंसुरलं रिकामं करतो. कॅबिनेट लाकडी टेबलावर, प्लॅस्टिकचं काही जवळ नाही, थर्माकोल तर खोलीतही नाही. स्वेटर काढून सुती शर्टावर. थंडी वाजते, वाजू दे. मग एसएमपीएसच्या जाळीचा किंवा स्क्रूचा उघडा धातू धरतो. रंगवलेला पत्रा चालत नाही, रंग म्हणजे रेनकोट. डावा हात तिथेच ठेवून उजव्या हाताने पिशवीसकट रॅम उचलतो, पिशवी पत्र्याला टेकवतो, मगच स्टिक बाहेर काढतो. धरतो कडांना, दातांना आणि चिपांना बोट नाही. मध्येच उठून फोन घ्यायला गेलो तर परत पहिल्यापासून, कारण चार पावलांत चार्ज जमतो.

पट्टा घेतलात तर उत्तम, दोन्ही हात मोकळे राहतात. क्लिप कॅबिनेटच्या उघड्या धातूला लावायची. पट्ट्याच्या वायरीत १ मेगओहमचा रेझिस्टर असतो, तो तुमच्या जिवासाठी. चुकून फेज लागली तरी पाव मिलिअँपिअरच्या आतच करंट जातो. म्हणून पट्ट्याऐवजी साधी तांब्याची तार मनगटाला गुंडाळायचा शहाणपणा कोणी करू नये. आणि बिनवायरीचे पट्टे विकतात ते हळदीकुंकवाच्या वाणात द्यायला ठीक.

हिंजवडी_व्हाया_बाणेर | १३ जानेवारी, सकाळी ११.१०

आणि ती गुलाबी पिशवी आणि चंदेरी पिशवी यात काय फरक?

सोल्डरगन | १३ जानेवारी, सकाळी ११.४०

गुलाबी स्वतः चार्ज होत नाही, एवढंच. बाहेरून ठिणगी पडली तर ती अडवत नाही. चंदेरीच्या पापुद्र्यात धातूचा थर असतो, तोंड बंद असेल तर आतली वस्तू पत्र्याच्या डब्यात असल्यासारखी. तोंड उघडं ठेवलं तर निम्मा उपयोग गेला. त्या पिशवीवर मदरबोर्ड ठेवून चालू करून बघायची मात्र अनेकांना हौस असते, तो प्रकार नको. बोर्डाच्या पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवा.

दिवाळीच्या साफसफाईत व्हॅक्यूम क्लीनरचं प्लॅस्टिकचं तोंड मदरबोर्डवर फिरवणारेही असतात. धूळ घासत जाते आणि ते तोंड चार्ज होतं. ब्लोअर वापरा, आणि पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा. गरगर फिरलं तर तो पंखा उलटा वीज तयार करतो.

वीस_वर्षं_झाली | १३ जानेवारी, दुपारी १२.०५

बरं, खोडरबर बंद. पट्ट्याचं बघू.

तिसरा_मजला | १४ जानेवारी, संध्याकाळी ७.३०

दुकानात जाऊन आलो. मालकाने एक शब्द न बोलता बदलून दिली, म्हणाला, "होतं असं कधीकधी." यावरून काय समजायचं ते कळेना! नवी काढताना हात परत त्याच ड्रॉवरमध्ये. म्हटलं, पिशवीतली द्या. त्याने माझ्याकडे वरून खालपर्यंत बघितलं, मग शिडीवर चढून सीलबंद पाकीट काढून दिलं. म्हणजे होतं!

संक्रांत असल्याने वायरमन उद्या येतोय. तोवर पाकीट कपाटात आहे. मुलगी रोज विचारते.

तिसरा_मजला | १५ जानेवारी, रात्री ९.२०

वायरमन आला. हॉलमधल्या बोर्डाचे स्क्रू काढून पट्टी बाहेर ओढली. फेज आहे, न्यूट्रल आहे आणि मागे भिंतीच्या भोकात हिरवी वायर, टोकाला काळी चिकटपट्टी गुंडाळून वेटोळं करून दाबून बसवलेली. कधीतरी बोर्ड बदलताना कोणीतरी जोडायचा कंटाळा केला असणार. खाली मीटरपाशीही अर्थचा जोड गंजून सुटला होता, तोही घासूनपुसून आवळला. अर्थिंग_आधी म्हणाले तसे आकडे घेतले: फेज-अर्थ २२८, न्यूट्रल-अर्थ २. सोसायटीच्या अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळ्यात पाणी घालत जा, असं तो जाताना सांगून गेला. सेक्रेटरींना खड्डा कुठे आहे हेच माहीत नव्हतं.

मग चटई गुंडाळली, स्वेटर काढला, अनवाणी टाइल्सवर उभा राहून काकांच्या पद्धतीने रॅम लावली. १६ जीबी दिसतेय. पत्र्याला तळहात टेकवून पूर्ण मिनिटभर उभा राहिलो, काही नाही.

आईला फ्रीजचं विचारायचं राहून गेलं होतं. आज जेवताना विचारलं, तर म्हणाली, "मुंग्या? त्या येतातच की. म्हणून तर मी पदराने धरून उघडते." मला आठवतंय तेव्हापासून ती फ्रीज पदरानेच उघडते. मला वाटायचं, हात ओले असतात म्हणून.

आत्ता जाऊन तिला हाताने उघडायला लावला.

भोसरीकर | १५ जानेवारी, रात्री ९.३५

काय म्हणाल्या?

तिसरा_मजला | १५ जानेवारी, रात्री ९.४०

"गार लागतो."